वाटी कुणी ढकलली?

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'श्राद्ध' हा शब्द मी अकरावीपर्यंत चुकीचा लिहायचे. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने काढाव्यात आणि उरलेल्या वाचकांनी पोटात घालाव्यात. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता. कारण ज्यांच्यासाठी लिहितेय त्या सगळ्या दिवसभर कितीही इंग्रजी झाडल्या तरी रात्री मराठीतच घाबरतात!

गेल्या वर्षीच्या कोजागिरीची गोष्ट. रेक्टर मॅडमनी साडेअकरापर्यंत गच्ची उघडी ठेवायची परवानगी दिली होती. मेसच्या मावशींनी मोठ्या पातेल्यात दूध आटवलं होतं, चंद्र वर आला होता, चारोळ्या कमी पडल्या म्हणून भांडणं झाली होती, आणि मग नेहमीप्रमाणे भुताच्या गोष्टी सुरू झाल्या. आपल्या हॉस्टेलचं भूत कोणतं ते जुन्या मुलींना ठाऊक आहेच. दुसऱ्या मजल्यावरची कुलूप लावलेली खोली, जिच्यात खरं तर मोडक्या कॉट आणि जुने पंखे ठेवलेत. मी स्वतः ती गोष्ट तीनदा सांगितली आहे आणि दर वेळी तिच्यात थोडी भर घातली आहे. केस मोकळे सोडलेली बाई माझी. पंख्याचा आवाज आधीपासून होता.

गच्ची बंद झाल्यावर आम्ही पाच जणी आमच्या रूमवर आलो. झोप कुणालाच नव्हती. "प्लँचेट करू या?" हे नक्की कोण म्हणालं ते आज एकीलाही आठवत नाही. ड्रॉइंग शीटच्या मागच्या बाजूला गोलात इंग्रजी ए ते झेड लिहिलं, एका कोपऱ्यात यस, दुसऱ्यात नो. मध्ये मेसची स्टीलची वाटी उपडी घातली. मेणबत्ती लावली. प्रत्येकीचं एक बोट वाटीवर. पहिली दहा मिनिटं नुसती खी-खी चालली होती. मग कुणीतरी सेमचा निकाल विचारला, वाटी सरकत सरकत 'नो'वर गेली, आम्ही किंचाळलो, शेजारच्या रूममधून भिंतीवर थाप पडली. इथपर्यंत सगळं झकास.

आमच्यात एक एफईची मुलगी होती. समोरच्या रूममधली. तिला सगळ्या छोटी म्हणतात. तिला हॉस्टेलवर येऊन जेमतेम महिना झाला होता. छोटीला तिच्या आजीने वाढवलेलं, आणि ॲडमिशनच्या दोन महिने आधी आजी गेली, हे आम्हाला माहीत होतं. तरी ती "मी विचारू का, ताई?" म्हणाली तेव्हा आम्हा चौघींपैकी एकीनेही नको म्हटलं नाही.

"आजी, आलीस का?"

वाटी 'यस'वर.

"आजी, मी काय करू?"

वाटी जरा थरथरली आणि जी-वर गेली. मग एच. मग ए. मग आर. घर.

"घरी येऊ?"

वाटी इतक्या जोरात 'यस'कडे गेली की कागदाबाहेर जाऊन उलटी पडली. त्यावर कुणी हसलं नाही. छोटी रडलीसुद्धा नाही, उलट खूप दिवसांनी बरं वाटल्यासारखी दिसली. सकाळी सहाच्या एसटीने ती घरी गेली.

परत आली ती सोळाव्या दिवशी, वडिलांबरोबर. मधल्या काळात युनिट टेस्ट होऊन गेली, वर्कशॉपचे दोन जॉब राहिले आणि एम-वन काही त्या सेमला सुटला नाही. वडील रेक्टर मॅडमशी काय बोलले ते माहीत नाही. आम्हा चौघींना मिळून 'मेसचे भांडे खोलीत आढळले' म्हणून पन्नास रुपये दंड झाला. रजिस्टरमध्ये कारण तेवढंच आहे.

छोटी गेली त्या दिवशी आम्ही चौघी कडाकडा भांडलो. "तू ढकललीस." "मी नाही, तूच!" प्रत्येकीने आईची शपथ घेतली. मीही घेतली. आणि मला आज असं वाटतं की आम्ही चौघीही खरंच बोलत होतो.

शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, आत्मे बोलावणं हे सैतानाचं काम आहे. घरी आई म्हणायची, असले उद्योग नकोत. पण का नकोत, ते दोघींनीही सांगितलं नव्हतं. ते मला सापडलं मायकेल फॅरेडेकडे. हो, तोच! इलेक्ट्रिकलच्या पेपरात दहा मार्कांना येतो तो.

प्लँचेट हे आपल्याकडचं नाहीच मुळी. शब्द फ्रेंच आहे, त्याचा अर्थ छोटी फळी. हे सगळं वेड उठलं अमेरिकेत. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल नावाच्या खेड्यात फॉक्स आडनावाच्या दोन लहान बहिणींनी घरातल्या भुताशी ठकठक करून बोलायला सुरुवात केली. विचारलं की ठक, मोजायला सांगितलं की ठक ठक ठक. बघता बघता देशभर आत्मे बोलावण्याच्या बैठका भरू लागल्या. (त्यातल्या मार्गारेटने १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये भर सभेत बूट काढून दाखवलं की तो आवाज पायाच्या बोटाचा सांधा वाजवून काढलेला असायचा. पुढच्याच वर्षी तिने ते शब्द मागे घेतले, पण तोपर्यंत चाळीस वर्षं होऊन गेली होती.) इंग्लंडात हे लोण आलं ते टेबलाच्या रूपाने. सात-आठ माणसं टेबलावर हात ठेवून बसायची आणि थोड्या वेळाने टेबल आपोआप फिरू लागायचं. कुणी म्हणे आत्मा, कुणी म्हणे वीज, कुणी म्हणे चुंबकत्व. वीज आणि चुंबकत्वाचं नाव निघाल्यावर लोक फॅरेडेला पत्रं पाठवणार नाहीत तर काय!

१८५३ साल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, आणि उन्हाळ्यात तिकडे लंडनमध्ये फॅरेडेने टेबलाची परीक्षा घेतली. त्याने काय केलं ते इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी तरी नीट वाचावं, आपल्या ब्रँचचा विषय आहे. त्याने पुठ्ठ्याचे काही तुकडे एकावर एक ठेवले आणि मध्ये मऊ लुकणाचे छोटे गोळे लावले, म्हणजे पुठ्ठे चिकटतील पण जोर लागला तर थोडे सरकतील. ही चवड टेबलावर ठेवली आणि माणसांना हात सगळ्यात वरच्या पुठ्ठ्यावर ठेवायला सांगितलं. आता विचार करा. टेबल जर आत्म्याने फिरवलं, तर आधी टेबल सरकेल आणि हात मागे राहतील. हातांनी फिरवलं, तर वरचा पुठ्ठा पुढे जाईल आणि खालचा मागे राहील. टेबल फिरलं. पुठ्ठे तपासले. वरचा पुढे गेला होता!

पण त्याची खरी कमाल पुढे आहे. त्याने दोन पातळ फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या घालून वर एक लांब काडी बसवली. हाताने जरा जरी बाजूला रेटा दिला तरी काडी कलते, म्हणजे साधा इंडिकेटर. काडी झाकलेली असेपर्यंत टेबल फिरायचं. काडी माणसांना दिसू लागली की टेबल जागच्या जागी थांबायचं. आणि ही माणसं लबाड नव्हती. फॅरेडेने मुद्दाम प्रामाणिक, ओळखीची माणसं घेतली होती. आपण ढकलतोय हे त्यांना खरंच कळत नव्हतं. काडीने दाखवलं तेव्हा कळलं. विल्यम कार्पेंटर नावाच्या डॉक्टरने आदल्याच वर्षी याला नाव दिलं होतं, आयडिओमोटर. मनात एखादी गोष्ट आली की हात आपल्याला न विचारता तिच्या दिशेने थोडासा हलतो.

हे वाचल्यावर मी तिघींना पकडलं. पुठ्ठा आणि मेणाचा प्रयोग आमचा फसला, मेण घट्ट झालं आणि काहीच हललं नाही. मग सोपा मार्ग काढला. तोच कागद, मेसची नव्हे तर माझी स्वतःची वाटी, डोळ्यांना ओढण्या बांधल्या, आणि समोरच्या रूममधल्या एकीने आम्हाला न सांगता कागद अर्धा फिरवून ठेवला. अक्षरं ती लिहून घेत होती. क्यू, डब्ल्यू, परत क्यू, मग कोरी जागा. 'यस'चा प्रश्न विचारला तेव्हा वाटी आधी जिथे यस होतं त्या कोपऱ्यात जाऊन ऐटीत थांबली. तिथे आता 'नो' होतं. आत्म्याला कागद फिरवलेला दिसत नव्हता. दिसणार कसा, डोळे आमचेच बांधलेले होते ना!

म्हणजे त्या रात्री वाटी आम्हीच ढकलली होती. मुद्दाम नव्हे. पण आम्हीच.

एक गोष्ट त्या रात्री लक्षात यायला हवी होती ती मात्र मला फार उशिरा सुचली. छोटीच्या आजीला इंग्रजी येत नव्हतं. तिने जी-एच-ए-आर लिहिलंच कसं?

अगदी हाच प्रश्न हूडिनीला पडला होता. हूडिनी म्हणजे बेड्या तोडून, पेटीतून निसटून दाखवणारा जादूगार. शेरलॉक होम्सचा लेखक सर आर्थर कॉनन डॉयल हा त्याचा मित्र. होम्ससारखा तर्कट माणूस ज्याने जन्माला घातला तो स्वतः आत्म्यांवर पूर्ण विश्वास ठेवायचा. त्याचा मुलगा १९१८ मध्ये गेला होता. त्या महायुद्धानंतर इंग्लंडात घरोघरी कुणी ना कुणी गेलेलं होतं, त्यामुळे आत्मे बोलावण्याचा धंदा जोरात होता. हूडिनीची आई १९१३ मध्ये गेली आणि त्याचंही मन तिच्यात अडकलेलं. १९२२ मध्ये अटलांटिक सिटीच्या एका हॉटेलात डॉयलच्या बायकोने हातात पेन्सिल धरली आणि हूडिनीच्या आईचा आत्मा तिच्या हातून लिहू लागला. पानंच्या पानं. माझ्या लाडक्या मुला वगैरे. कागदाच्या वर क्रूसाची खूण. आणि सगळं इंग्रजीत.

हूडिनीचं म्हणणं, माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं, आणि ती ज्यू धर्मगुरूची बायको होती, ती क्रूस कशाला काढेल? डॉयलकडे उत्तर तयार होतं. आत्मा फक्त अर्थ पाठवतो, भाषा माध्यमाची असते, आणि क्रूस माझी बायको नेहमीच काढते. या एका पत्रावरून दोघांची मैत्री पुढे पार तुटली. मला यात सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? डॉयलची बायको फसवत होती असं मला वाटत नाही. तिला एका दुःखी माणसाला बरं वाटावं असं मनापासून वाटत होतं. आमच्या रूमवरही नेमकं तेच होतं. छोटीला घर हवं होतं हे आम्हाला पाची जणींना दिसत होतं. मग पाच बोटांनी ते लिहिलं.

हूडिनी वारला तो नेमका ३१ ऑक्टोबरला, १९२६ साली, म्हणजे हॅलोविनच्या दिवशी. परलोक असला तर ठरलेला सांकेतिक निरोप पाठवीन असं त्याने बायकोला, बेसला, सांगून ठेवलं होतं. तिने दहा वर्षं वाट पाहिली. शेवटची बैठक १९३६ च्या हॅलोविनला हॉलिवूडमधल्या एका हॉटेलच्या गच्चीवर झाली. कुणी आलं नाही. दहा वर्षं त्याच्या फोटोपाशी तेवत ठेवलेला दिवा तिने विझवला. मला ही बाई फार आवडते. तिच्या जागी कुणीही वाटी थोडी ढकलली असती.

आता हॅलोविनचा विषय निघालाच आहे तर यंदाच्या ३१ ऑक्टोबरबद्दल बोलते. मेस हॉलमध्ये काळे फुगे, लाल भोपळ्यात कोरलेलं तोंड (मावशींनी दुसऱ्या दिवशी त्या भोपळ्याची भाजी केली, खाल्ली का कुणी?), आणि आमच्याच रूममेटचं टॅरोचं दुकान, एका प्रश्नाला एक डेअरी मिल्क. गेल्या काही महिन्यांपासून ती प्रोफाइलवर स्वतःला 'विच' म्हणवते. मी तिला टोकलं तर म्हणाली, "तुला काय कळतंय, हे पाच हजार वर्षांपूर्वीचं ज्ञान आहे."

तर मी शोध घेतला. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत आले, खेळायला. आपण रमी खेळतो तसे. त्यांत इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे हे १७८१ मध्ये एका फ्रेंच पाद्र्याने जाहीर केलं, तेव्हा इजिप्तची लिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती, ती पुढे १८२२ मध्ये उलगडली! रूममेटच्या हातातली ती तलवारी आणि पेल्यांची चित्रं १९०९ मध्ये लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. ओईजा बोर्ड, म्हणजे आमच्या ड्रॉइंग शीटचा छापील भाऊ, याचं अमेरिकेतलं पेटंट १८९१ चं आहे, आणि ते खेळण्याचं पेटंट आहे. पुढे १९६६ पासून तो मोनोपॉली विकणाऱ्या कंपनीने विकला.

आणि 'विच'? स्वतःला अभिमानाने विच म्हणवणाऱ्यांचा जो धर्म आहे, विका, तो लोकांसमोर आणला जेराल्ड गार्डनर या इंग्रजाने. हा माणूस सिलोन, बोर्निओ, मलाया असा नोकरी करत फिरलेला, कस्टम्समधून रिटायर झालेला. इंग्लंडातला चेटुकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये याचं पुस्तक आलं. त्याने सांगितलं की ख्रिस्ती धर्माच्या आधीचा जुना निसर्गपूजक धर्म लपून-छपून टिकून राहिला आहे आणि मला त्यातली माणसं भेटली. ही कल्पना मुख्यतः मार्गारेट मरे या बाईंच्या १९२१ च्या पुस्तकातली. मरेबाई इजिप्तच्या अभ्यासक, जन्म आपल्या कलकत्त्याचा. पुढे इतिहासकारांनी कागदपत्रं तपासली आणि त्यांचा सिद्धान्त मोडीत काढला. विका हा एकूण विसाव्या शतकातला धर्म आहे, हे रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ मध्ये मोठं पुस्तक लिहून दाखवलं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी आता पेगन लोकांची टर उडवणार. नाही. उलट गंमत अशी की अनेक पेगन लोकांनीच हटनचं म्हणणं मान्य केलं. बरं, नवा तर नवा, आमचा आहे, असं म्हणाले. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन आणि १३ हजारांनी विका असा लिहिला. ते वर्षाचे आठ सण पाळतात, सूर्याच्या आणि शेतीच्या चक्राप्रमाणे. त्यातला शरद ऋतूचा, मेलेल्यांचा सण म्हणजे ३१ ऑक्टोबरचा साविन (स्पेलिंग वाचून सॅमहेन म्हणू नका, मी म्हटलं होतं आणि फजिती झाली). हा मुळात आयर्लंडचा जुना सण, उन्हाळा संपून थंडी सुरू होण्याचा, गुरं रानातून घरी आणायचा. ऑस्ट्रेलियातले पेगन तोच सण एप्रिल संपताना करतात, कारण तिकडे शरद तेव्हा येतो! कॅलेंडर बघून नव्हे, झाडं बघून. मला हे फार प्रामाणिक वाटलं. माझ्या शाळेत २ नोव्हेंबरला ऑल सोल्स डे असायचा, सिस्टर आम्हाला कबरस्तानात मेणबत्त्या लावायला न्यायच्या. तोही याच आठवड्यात. आणि भाद्रपदात आपला पितृपक्ष. दिवस लहान व्हायला लागले की माणसाला गेलेली माणसं आठवत असावीत.

मला एकट्या 'विच' शब्दाबद्दल मात्र तिच्याशी भांडायचं आहे. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली याच आरोपावरून वीस माणसांना मारलं. आपल्या सातपुड्यात, नंदुरबारकडे, बाईला 'डाकीण' ठरवून मारहाण केल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. तिकडच्या बायकांनी तो शब्द भोगून परत मिळवला असेल. आपण तो डेअरी मिलवर विकू नये, इतकंच. असो.

सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. जुन्या आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हॅलोविनची रात्र ही भविष्य बघायची रात्र होती. मुली सफरचंदाचं साल सलग सोलून खांद्यावरून मागे टाकायच्या, जमिनीवर जे अक्षर होईल ते नवऱ्याचं पहिलं अक्षर. दोन दाणे शेकोटीत ठेवायच्या, एक तो, एक मी. शांत जळले तर संसार नीट, उडाले तर संपलं. यात एक प्रकार होता 'मुकं जेवण' म्हणून. मध्यरात्री एक शब्द न बोलता ताट मांडायचं आणि होणाऱ्या नवऱ्याची सावली येऊन बसते का ते बघायचं. आजचे पेगन लोकही साविनच्या रात्री मुकं जेवण करतात. पण आता ते ताट घरातल्या गेलेल्या माणसासाठी असतं. त्याच्या आवडीचं वाढायचं, गप्प बसून जेवायचं आणि त्याला आठवायचं. कुणी काही विचारत नाही.

मला हा बदल फार महत्त्वाचा वाटला. तेच ताट, तीच रात्र, पण प्रश्न काढून टाकला.

आपण स्वतःला फार शहाणे समजायला नको. माझ्या आजोबांच्या दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं. मग एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. "शेताचं भांडण मिटवतो." कावळा नाही. "आईला अंतर देणार नाही." कावळा नाही. शेवटी काका म्हणाले, "धाकटीच्या लग्नाचं मी बघतो," आणि कावळा आला. सगळे रडले. आजोबांची इच्छा कळली! मी तेव्हा बारावीत होते, मीही रडले. आता वाटतं, कावळ्याला भूक लागली तेव्हा जो बोलत होता तो माणूस ठरला. पण असंही वाटतं की ते तिन्ही शब्द काकांच्या आणि बाबांच्या मनात आधीपासून होते, आणि कावळा नसता तर ते कदाचित कुणी बोललंच नसतं. तिथे आत्याचं भलं झालं. आमच्या वाटीने एकीचं सेम गेलं. मेलेल्या माणसाच्या तोंडून बोलण्यात हीच अडचण आहे. त्याच्याशी वाद घालता येत नाही. "आजी, तू चुकतेस" असं छोटी कसं म्हणणार?

म्हणून रेक्टर मॅडमना आणि सगळ्या ताई लोकांना माझं म्हणणं असं, की भुताच्या गोष्टींवर बंदी घालू नका. केंब्रिजमध्ये एम. आर. जेम्स नावाचे विद्वान नाताळात मेणबत्तीच्या उजेडात आपल्या मित्रांना आणि विद्यार्थ्यांना स्वतः लिहिलेल्या भूतकथा वाचून दाखवायचे आणि त्या आज जगभर वाचल्या जातात. आपल्याकडे नारायण धारप, रत्नाकर मतकरी हॉस्टेलमध्ये हातोहात फिरतात, पानं सुटेपर्यंत. गोष्टीत सांगणारीला माहीत असतं की आपण बनवतोय, ऐकणारीलाही माहीत असतं, आणि तरीही बाथरूमला दोघी मिळून जातात! यात कुणी कुणाला फसवत नाही. भोपळा कोरा, काळे कपडे घाला, गेलेल्या माणसासाठी पणती लावा, हवं तर साविन करा. फक्त जिचं माणूस नुकतंच गेलंय तिच्यापुढे वाटी ठेवू नका. आणि ठेवलीच तर आधी तिचे डोळे बांधून कागद फिरवा.

हा लेख देण्याआधी मी छोटीला दाखवला, कारण गोष्ट तिची आहे. तिने तो कॉटवर बसून सावकाश वाचला. फॅरेडेच्या पुठ्ठ्यांची आकृती काढून द्या म्हणाली, ती काढून दिली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

"म्हणजे ताई, आजी नव्हतीच?"

"वाटीत तरी नव्हती."

"मला वाटतं, मीच ढकलली असेन," ती म्हणाली. "आजीने मला घरी बोलावलंच नसतं. मी शाळा बुडवली की ती काठी घेऊन मागे यायची."

मग तिने विचारलं की दंड किती झाला होता. मी म्हटलं, पन्नास, आम्ही चौघींनी वाटून भरला. ती उठून तिच्या रूमवर गेली आणि दहाची नोट घेऊन आली. मी नको नको म्हणत होते.

"पाचवं बोट माझं होतं ना," म्हणाली, आणि नोट टेबलावर ठेवून एम-वनच्या क्लासला गेली.